मासा कुठला, तळाचा की वरचा, आणि बेकरेल किती?

2011 मध्ये अपघात झालेल्या जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पाचं पाणी समुद्रात सोडायला लागल्यापासून एकच प्रश्न सारखा येतो: आता मासे खायचे की नाही? जपानमध्ये राहणारे विचारतात, तसेच इथे सुरमई घेणारेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो, कारण यात भीती चुकीच्या जागी बसली आहे.

24 ऑगस्ट 2023 पासून जे पाणी सोडलं जातंय, त्यात मुख्यतः ट्रिटियम आहे. गाळणी यंत्रणा सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे किरणोत्सर्गी मूलद्रव्यं काढून घेते. ट्रिटियम हा किरणोत्सर्गी असला तरी हायड्रोजनच असल्याने पाण्यातून वेगळा निघत नाही. टाक्यांतलं बरंच पाणी पहिल्या फेरीत मर्यादेखाली आलं नव्हतं, ते पुन्हा गाळावं लागतं, आणि लक्ष तिथे ठेवायला हवं. सोडताना ट्रिटियम लिटरला 1,500 बेकरेलच्या खाली असावं लागतं (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा आकडा 10,000 आहे. पोटात गेलेल्या एका बेकरेलमागे ट्रिटियमचा डोस, म्हणजे शरीराला बसणारा किरणोत्सर्गाचा मारा, सीझियम-137 च्या सुमारे सातशेव्या हिश्श्याएवढा. मांसातल्या रेणूंत अडकलेला ट्रिटियम थोडा जास्त रेंगाळतो, म्हणून त्याचा हिशोब दुपटीहून थोडा जास्त धरतात. तरीही चिंता करावी ती ट्रिटियमची नाही.

चिंता सीझियमची, आणि तीही 2011 मध्ये अणुभट्ट्यांच्या पुढ्यातल्या गाळात जाऊन बसलेल्या सीझियमची. त्याचे दोन प्रकार: सीझियम-134 दर दोन वर्षांनी निम्मं होतं, 137 ला तीस वर्षं लागतात. शरीर त्याला पोटॅशियम समजून स्नायूंत ठेवतं. समुद्रातला मासा सतत खारं पाणी पितो आणि क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्यामुळे सीझियमही काही आठवड्यांत, महिन्यांत उतरतं. गोड्या पाण्यातला मासा उलट क्षार धरून ठेवतो; म्हणून जपानच्या तळ्यांतले आणि नद्यांतले मासे समुद्रातल्यांपेक्षा उशिरा सुधारले.

पण जो मासा तळालाच राहतो, जागा सोडत नाही आणि गाळातले किडे, खेकडे खातो, त्याला सीझियमचा रतीब चालूच असतो. मे 2023 मध्ये प्रकल्पाच्या बंदरात पकडलेल्या एका कुरोसोईत, म्हणजे खडकांत राहणाऱ्या काळसर माशात, किलोला 18,000 बेकरेल सीझियम निघालं. जपानची मर्यादा 100 आहे, तिथल्या मच्छीमार संस्थांनी स्वतःवर घातलेली 50. हा मासा विक्रीचा नव्हता. त्या बंदरात मासेमारी होत नाही आणि मासे बाहेर पडू नयेत म्हणून जाळी लावलेली असते. हिशोब मात्र पाहा: असा पाव किलो मासा खाल्ला तर 4,500 बेकरेल, म्हणजे साधारण 0.06 मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक). निसर्गाकडून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. मासा तरीही फेकायचाच. ऐकताना वाटतं त्यापेक्षा हा आकडा किती लहान आहे, एवढंच दाखवायचं होतं.

घरी मोजता येईल का, असंही विचारतात. नाही. किरणोत्सर्ग मोजणारं गायगर यंत्र माशावर धरलं तर 100 बेकरेलचा मासा आणि स्वच्छ मासा सारखेच दिसतात. भोवतालच्या किरणोत्सर्गात तो फरक बुडून जातो. ट्रिटियमचे कण तर यंत्राच्या खिडकीतून आतही शिरत नाहीत. प्रयोगशाळेत काटे-कातडी काढून नुसतं मांस बारीक करतात, ठराविक आकाराच्या भांड्यात हवेची पोकळी न ठेवता दाबून भरतात, वजन करतात आणि शिशाच्या जाड कवचात थंड केलेल्या जर्मेनियम शोधकावर ठेवतात, जो किरणांची ऊर्जा मोजून आलेख काढतो. आलेखात 662 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला टोक उठलं तर सीझियम-137. 1,461 ला उठतं ते पोटॅशियम-40, जे प्रत्येक माशात असतंच. चुका ठरलेल्या: भांडं अर्धवट भरणं, आधीच्या नमुन्याची सुरी न धुणं, मोजणी लवकर थांबवणं. म्हणून अहवालात 'आढळलं नाही' लिहिलेलं असेल तर शेजारी शोधमर्यादा, म्हणजे त्या मोजणीत दिसू शकणारा सगळ्यात लहान आकडा, पाहा. ती 25 असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे, '25 पेक्षा कमी' एवढाच. स्ट्रॉन्शियम-90 या यंत्रात दिसतच नाही. त्याला वेगळी रासायनिक प्रक्रिया लागते. ते हाडांत बसतं, म्हणून काट्यांसकट खायच्या छोट्या माशांसाठी हा प्रश्न जरूर विचारा.

आकडा ओला की सुका, हेही बघा. 2011 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ पकडलेल्या ट्यूनांत दोन्ही सीझियम मिळून किलोला सुमारे 10 बेकरेल निघालं, ते सुकवलेल्या मांसात. ओल्या माशात ते चौथ्या हिश्श्यावर येतं. त्याच सुक्या मांसात नैसर्गिक पोटॅशियम-40 मात्र 347 होतं. सुक्या बोंबलाची तुलना ओल्याशी केली तर अशीच फसगत होते.

अरबी समुद्राचं म्हणाल, तर फुकुशिमाचा प्रवाह पूर्वेकडे, अमेरिकेच्या दिशेने जातो. आपल्या ताटातल्या मासळीतून मिळणाऱ्या डोसात सगळ्यात मोठा वाटा पोलोनियम-210 या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा, आणि तो निसर्गाचा आहे: एका बेकरेलमागे सीझियम-137 च्या सुमारे नव्वदपट डोस. तो पोटाच्या घाणीत, यकृतात आणि शिंपल्यांत जास्त साठतो. म्हणून मासळीचं पोट नीट साफ करायची आपली पद्धत योग्यच आहे. तारापूरच्या किंवा जैतापूरच्या कोळ्यांनीही मागायचा तो हाच तक्ता: कोणता मासा, कुठल्या पाण्यातला, कोणतं मूलद्रव्य, शोधमर्यादा किती.

राहिलं शिजवण्याचं. सीझियम पाण्यात विरघळतं. मासा उकळून पाणी ओतून दिलं तर काही भाग जातो. कालवणात ते पाणी आपणच पितो, त्यामुळे तिथे काही वाचत नाही, तळण्यातही नाही. बाजारातल्या मासळीसाठी याची गरजही नाही. गरोदर बाईच्या ताटातून काही कमी करायचंच असेल तर मोरी आणि मोठ्या शिकारी माशांचे तुकडे कमी करा. त्यांच्यात पारा साठतो.