तुम्ही विचारलंत म्हणून: एकच मूल का?

पुण्याला माहेरी आले की कुणीतरी विचारतंच, "एकीवरच का थांबलात?" इकडे मॉरिशसच्या मराठी मंडळींत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, "अशानं आपली माणसं उरणार किती?" इतकी वर्षं विषय बदलत आले. आता उत्तर देते.

साडेबारा लाखांच्या आसपास मॉरिशसची लोकसंख्या अडकली आहे आणि एका बाईमागे सरासरी दीड मूलही नाही, हे मला माहीत आहे. पिढी टिकायला २.१ लागतात, हेही. पण याच बेटावर १९६० च्या सुमारास सरासरी सहा होती. मलेरिया आटोक्यात आला, माणसं जगू लागली, आणि १९६१ मध्ये टिटमस आणि मीड या ब्रिटिश अभ्यासकांनी बजावलं की एवढ्याशा जमिनीवर हे निभणार नाही. कुटुंबनियोजनाची संघटना १९५७ पासून होतीच, १९६३ मध्ये कॅथलिकांनीही आपल्या पद्धतीनं काम सुरू केलं. पुढे १९७० नंतर निर्यातीच्या कपडा कारखान्यांनी बायकांच्या हाती पगार दिला. सक्ती कुणी केली नाही, तरी दहा-बारा वर्षांत प्रमाण निम्म्याजवळ आलं होतं. जगानं कौतुक केलं ते याच बायकांचं.

माझ्या सासूबाई त्यांतल्याच एक.

एका गणेश चतुर्थीला (इथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते) महाराष्ट्रातून आलेले पाहुणे वाक्वा या शहरातल्या आमच्या घरी जेवायला होते. त्यातले एक काका म्हणाले, "वहिनी, देश म्हातारा होतोय आणि तुम्ही शिकलेल्या बायका एकावर थांबता." मी ठरलेलं उत्तर सुरू केलं, निर्णय आमचा दोघांचा आहे वगैरे. सासूबाई वाढता वाढता थांबल्या. त्या घरात क्रेओल ही इथली फ्रेंच वळणाची बोलीच बोलतात, पण पाहुण्यांना कळावं म्हणून त्यांच्या जुन्या कोकणी वळणाच्या मराठीत सावकाश बोलल्या. ऊसमळ्याच्या कॅम्पातली खोली, आठ भावंडं, आठव्या बाळंतपणात गेलेली आई. थोरली म्हणून यांची शाळा सुटली, धाकट्यांना यांनीच वाढवलं. लग्नानंतर कारखान्यात लागल्या, दोन मुलांवर थांबल्या, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं पाठ थोपटली होती. "तवा कमी पोरं म्हंजे शानी बाय," त्या म्हणाल्या, "आता तीच बाय वाईट झाली काय?"

काका गप्प झाले. मला हायसं वाटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पन तू मला इचारलं असतंस, तर दुसरं मी सांभाललं असतं."

मी विचारलं नव्हतं. ज्या बाईचं सगळं बालपण दुसऱ्यांची पोरं कडेवर घेण्यात गेलं, तिच्या कडेवर आणखी एक कसं द्यायचं, असं मला वाटायचं. शिवाय एबेन या ऑफिसांच्या भागातली नोकरी, घराचं कर्ज, संध्याकाळची वाहनांची कोंडी. ही कारणं खरी आहेत आणि त्यांबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण दुसरं हवंसं वाटलं होतं, हेही खरं. तेव्हाची मी म्हणायची, निर्णय सर्वस्वी माझा. आज तिला विचारावंसं वाटतं, पाळणाघर परवडलं असतं, ऑफिसातून पाचला सुटता आलं असतं, तरी हेच ठरवलं असतंस? ती म्हणते, हो. माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

कारखान्यांत आता बांगलादेशातून आलेली माणसं राबतात. सरकारी वृद्ध पेन्शन साठीला मिळायचं, २०२५ च्या अर्थसंकल्पानं ते टप्प्याटप्प्यानं पासष्टीवर नेण्याचं ठरवलं आणि लोक रस्त्यावर आले. त्या मोर्च्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना दोन-तीन मुलं होती, आणि त्यातली बरीच परदेशी. आकडा वाढवून मुलं इथेच राहतात, असं कुणी मला दाखवून द्यावं.

लेक कॅनडात शिकते. परवा फोनवर म्हणाली, मला मूलच नको. सासूबाई म्हणतात, तिला काही बोलू नकोस. मला ते पटत नाही, पण बोलायचं काय, तेही ठरत नाही.