बाँदोल २०१६: अजून मिटलेलीच

आळणी मटणाचा बेत होता, म्हणून बाँदोल २०१६ ची, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या बाँदोल भागातल्या लाल वाईनची, आणखी एक बाटली उघडली. गाळ खाली बसावा म्हणून आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. पहिला वास काडी ओढल्यावर येतो तसा, गंधकाचा. बुरशीचा किंवा कॉर्कचा दोष नव्हे. तांबं हा गंधकी वास मारतं, म्हणून खात्री करायला ग्लासात घासून लख्ख केलेली तांब्याची पळी क्षणभर फिरवली आणि वास बराच उतरला. (देव्हाऱ्यातली नव्हे, घरात विचारून घेतली होती.)

यातल्या मूर्वेद्र या काळ्या द्राक्षाचा स्वभावच असा. प्रोव्हान्सच्या समुद्रकाठच्या या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत लाल वाईनमध्ये निम्मं तरी मूर्वेद्र लागतंच आणि ती किमान १८ महिने लाकडात मुरवावी लागते. सोबत मुख्यतः ग्रेनाश आणि सँसो ही द्राक्षं. ग्रेनाशला हवा लागली की ते लवकर थकतं, मूर्वेद्र हवेला सहजी दाद देत नाही. म्हणून ही वाईन इतकी टिकते आणि मधली काही वर्षं घुमी होऊन बसते, वास-चव मिटून घेते.

डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायचं भांडं) तीन तासांनी जांभूळ, चामडं, थोडा धूर. आणि ओवा! तिकडच्या माळावरच्या थाइमचा वास आपल्याला ओव्याचा वाटतो, कारण थायमॉल हे सुगंधी द्रव्य दोन्हींत असतं. टॅनिन, म्हणजे वाईनमधला तुरटपणा, मात्र अजून खरखरीत. हिरड्या आवळून येतात. शेवट लांब, पण फळ मागे राहिलंय. बाजारात नवी आली तेव्हा हीच वाईन कितीतरी मोकळी होती. उरलेली दुसऱ्या दिवशी चाखली, तर आदल्या रात्रीपेक्षा सरस! माझ्या मते तिच्यात दम आहे, याची हीच खूण.

मटणाच्या चरबीने टॅनिन मऊ केलं. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र हिच्या वाटेला जाऊ नका. १४ टक्के अल्कोहोल आणि तिखट मिळून घसा जाळतात.

साठवणीत बदल नाही: वाईन कॅबिनेट १३ अंशांवर, बाटल्या आडव्या, लेबलांवर प्लास्टिकचं आवरण. पुण्याच्या मे महिन्यात कपाटात ठेवायचा विचारसुद्धा नको. उरलेल्या बाटल्या २०३० पर्यंत खालच्या फळीवर राहतील. कुणाकडे २००८ च्या आगेमागेची बाँदोल असेल, तर ती खुलली का आणि किती तास डिकँट केली, ते नक्की सांगा.