तुम्ही विचारलंत म्हणून: त्या एका शब्दानं काय बिघडलं असतं?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. जाऊबाई विचारतात, अंगणवाडीतल्या मदतनीस ताई विचारतात, आम्ही ख्रिस्ती, तर चर्चची उपासना सुटल्यावर चपला घालता घालता आमच्या मंडळीतल्याच बायका विचारतात. "तुम्हीच सांगता ना, तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं मिळतं, कर्मानं नाही, फुकट मिळतं. मग लेकीच्या जातीच्या दाखल्यावर 'हिंदू' एवढा एक शब्द लिहू दिला असता तर काय बिघडलं असतं? तुमचा देव माफ करत नाही का?"

करतो. माफ करतो म्हणूनच तर सगळं अवघड आहे.

आजपर्यंत "जाऊ द्या हो" म्हणून मी वेळ मारून नेली. पण मागच्या महिन्यात एका लग्नात, भर पंगतीत, माझ्या लेकीसमोर कुणीतरी हाच प्रश्न काढला आणि ती ताटावरून उठून गेली. म्हणून एकदाच नीट लिहिते.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 साली शीख त्यात आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसीत धरतात. त्यामुळं आमच्या जालना जिल्ह्यात कितीतरी घरं अशी आहेत की रविवारी ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू मांग. मी कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. माझ्या सख्ख्या दिराचं घर त्यात आहे.

आमच्याकडचे कागद तर तयारच होते. माझ्या मालकांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी न विचारताच 'हिंदू मांग' लिहिलं होतं. लेकीच्या टीसीवर तेच उतरलं. सासऱ्यांचा मिशनच्या शाळेतला निर्गम उतारा मात्र 'ख्रिश्चन' म्हणतो. तो उतारा तेवढा पेटीत ठेवला की बाकी सगळं सरळ होतं. लेकीला बीएस्सी नर्सिंग करायचं होतं. बारावीला तिनं जीव तोडून अभ्यास केला, आणि तिच्या मार्कांवर एससीच्या यादीत जागा नक्की होती. ओबीसीच्या यादीत ती कुठंच बसत नव्हती.

त्या दिवशी सेतू केंद्रात आम्ही दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसलो होतो. तिच्या मांडीवर पारदर्शक फोल्डर. त्यात टीसी, रेशनकार्डाची झेरॉक्स, वडिलांची टीसी, वंशावळीचं शपथपत्र आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अजून न चिकटवलेलं. ऑपरेटर पोरगा चांगला होता. त्यानं टीसी पाहून भराभर टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "जात मांग, धर्म हिंदू. बरोबर ना मावशी?" मी म्हटलं, धर्म ख्रिस्ती आहे. त्यानं मान वर केली. "मग एससी निघणार नाही. टीसीवर तर हिंदूच आहे. तुमच्या वाड्यातले सगळे असंच भरून जातात, मावशी. कोण बघायला येतंय?"

लेकीनं माझा पदर धरला. बोलली काहीच नाही, नुसता ओढला. मागं रांग उभी. कुणीतरी म्हणालं, आवरा लवकर. मला घाम फुटला होता. तुम्हाला वाटत असेल, मला तेव्हा एखादं वचन आठवलं असेल. मला आठवला मागच्याच ईस्टरचा रविवार. लेकीचं कन्फर्मेशन, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, झाली तेव्हा ती वेदीपुढं उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली होती, येशू ख्रिस्त माझा प्रभू आहे. तिचा तो आवाज, थोडा कापरा, माझ्या कानात होता. आणि आता तेच तोंड सही करून म्हणणार की मी हिंदू धर्म पाळते. त्या शपथपत्रात खाली छापलेलं असतं, वरील माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. मी म्हटलं, "बाळा, ते खोडून टाक. ओबीसीचा फॉर्म दे."

लेकीनं फोल्डर घेतलं आणि उठून बाहेर गेली. एसटी स्टँडपर्यंत ती माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. गाडीत खिडकीकडं तोंड. घरी आल्यावर मी भाकरी टाकायला बसले तेव्हा ती चुलीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, तारण फुकट आहे ना? मग बिल माझ्या नावावर का?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं नव्हतं. आजही अर्धंच आहे.

ओबीसीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा म्हणून तोच सासऱ्यांचा उतारा, पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत, सगळं गोळा करता करता प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. पुढच्या वर्षी तिनं एएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या लहान कोर्सला, प्रवेश घेतला. आज ती एका खाजगी दवाखान्यात कंत्राटावर आहे. तिची चुलत बहीण, दिराची मुलगी, एससीच्या दाखल्यावर बीएस्सी नर्सिंग करून सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स झाली. सगळ्यांना हेच माहीत आहे आणि सगळे हेच बोलून दाखवतात.

आता भाऊजींचं, म्हणजे त्याच दिराचं, म्हणणं. ते वचन जाणणारे माणूस आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त टोचतं. ते म्हणाले, "वहिनी, बायबलातली नामानाची गोष्ट वाचा, दुसरे राजे पाचवा अध्याय. अरामाचा सेनापती. कोड बरं झालं, खरा देव कळला. पण तो संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा काय म्हणतो? शांतीनं जा. सरकारी चाकरीतल्या माणसाला देवानं एवढी सूट दिली, आणि तुम्ही लेकराला देत नाही?" आणि मग दुसरं: "नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं तेव्हापासून आपण ख्रिस्ती. स्वतः ब्राह्मण असून तो माणूस आपल्या लोकांत येऊन राहिला. पण गावानं आपल्याला वर बसवलं का? वाडा बदलला का? जातीचा जाच तोच आणि सवलत तेवढी गेली. खोटं मी बोलत नाही, खोटं कायदा बोलतोय."

दुसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्याच बाजूची आहे. बाप्तिस्म्यानं गावातली जात जात नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी अजून मांगवाड्यातली बाईच आहे. दर 10 ऑगस्टला आमच्या लोकांबरोबर काळी फीत लावून उभी राहते, तो काळा दिवस आम्ही पाळतो. पण ज्या अन्यायाविरुद्ध फीत लावायची, त्याच्यापुढं वाकून त्याला हवं तेच लिहून द्यायचं, हे मला जमत नाही. आपण सगळे कागदावर हिंदू राहिलो तर ख्रिस्ती दलित आहेत कुठं, असं सरकार उद्या म्हणेल, आणि आकडे दाखवून म्हणेल.

नामानाचं मात्र मला जड जातं. मी भाऊजींना म्हटलं, नामान आधीच उघड सांगून गेला, त्यात त्याचा काही लाभ नव्हता. आणि त्याच अध्यायात अलीशाचा चाकर गेहजी आहे. अलीशानं नामानाकडून एक पैसा घेतला नाही, बरं होणं फुकट ठेवलं. गेहजी मागून धावत गेला, खोटं बोलून चांदी आणि कपडे घेऊन आला, आणि नामानाचं कोड त्याला लागलं. देवाच्या फुकट दानावर खोटं बोलून कमाई करायची नाही, असं मला त्यात दिसतं. भाऊजी म्हणाले, "लेकराची भाकर ही कमाई आहे का, वहिनी?" तिथं आमचं बोलणं थांबलं. मी आजही त्याच्यावर विचार करते.

दुसरे लोक येशूचा शिष्य पेत्र काढतात. त्यानं अंगणातल्या शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं, तरी प्रभूनं त्याला परत घेतलंच ना? घेतलं. पण तोच पेत्र पुढं पहिल्या पत्रात लिहितो की तुम्हाला बोलावणारा पवित्र आहे तसे तुम्हीही सगळ्या वागणुकीत पवित्र व्हा. क्षमेची चव सगळ्यात जास्त ज्याला कळली होती, त्यानंच हे लिहिलं. मला कुणी म्हणतं की पवित्र जीवन म्हणजे तारणाची फी भरणं, तेव्हा मला राग येतो. क्रम बघा. इस्राएल मिसरातून आधी बाहेर आलं, दहा आज्ञा नंतर मिळाल्या. देव पहिलं वाक्यच असं बोलतो की मी तुला दास्यातून बाहेर काढलं, आणि मग सांगतो कसं वागायचं. आज्ञा पाळा मग काढीन, असं तो म्हणालाच नाही. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल स्वतःच तुमचा प्रश्न विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. आपल्या सोबत्याला, तीताला, लिहिताना म्हणतो की कृपाच आपल्याला शिकवते, नाही म्हणायला. मी त्या खिडकीपाशी नाही म्हटलं ते स्वर्ग मिळावा म्हणून नव्हतं. तो मिळालाय. मिळालाय म्हणूनच ज्यानं दिला त्याला ओळखत नाही असं लिहून देणं माझ्या हातून होईना.

हे मी आज इतकं सरळ लिहिते. त्या वेळी मी लेकीला वेगळंच सांगितलं होतं. तू खरी राहा, देव दुसरं मोठं दार उघडेल. त्या वेळच्या मला आज मी विचारते, हे वचन तुला कुणी दिलं होतं? देवानं तर दिलं नव्हतं. दार उघडलं नाही. कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपतं. कृपा फुकट म्हणायची आणि आज्ञापालनाची मजुरी मात्र देवाकडून मागायची, हे दोन्ही एका तोंडानं कसं बोलले मी? ती जुनी बाई मला उत्तर देते की लेकरू रडत होतं, काहीतरी बोलायला हवं होतं. तिचंही खरं आहे.

आणि ज्यांनी माझं कौतुक केलं त्यांच्याबद्दलही बोलते. एका बाहेरून आलेल्या उपदेशकांनी व्यासपीठावरून माझी 'साक्ष' सांगितली आणि पुढं म्हणाले, एससीचा दाखला घेतलेल्यांनी प्रभुभोजनाला येऊ नये. मी तिथं बसले होते, माझी जाऊ माझ्या शेजारी बसली होती. तिनं हात मांडीवर घट्ट धरले आणि ती भाकरीसाठी उठली नाही. मीही उठले नाही. पवित्रपण म्हणजे कुंकू नको, प्रसाद नको, तंबाखू नको, दाखला नको, एवढीच यादी का? 'पवित्र व्हा' म्हणणारा, बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडा. शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. तराजू खरा ठेवा. सोंगणीचे पैसे दिवाळीपर्यंत थकवणारे पहिल्या बाकावर बसतात, त्यांना त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. तेव्हा काहीजण मला म्हणायला आले, बघा, तुमचंच बरोबर निघालं. मला तो आनंद नको. माझं कारण कोर्टाचं नव्हतं, आणि तो निकाल ऐकून भाऊजींच्या घरी त्या रात्री कुणी जेवलं नाही.

त्यांची मुलगी, जिच्याशी तुम्ही माझ्या लेकीची तुलना करता, तिनं माझ्या सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. ड्युटी करून यायची, आजीचं अंग पुसायची, कुस बदलायची, पाठीवरच्या जखमा रोज धुवायची. मी तिच्या हाताकडं बघत बसायचे. त्या हाताला तो दाखला मिळाला नसता तर सासूबाईंचं काय झालं असतं, हे मलाही सुचतं. त्या मुलीवर देवाची कृपा नाही असं म्हणायला मी धजणार नाही. तिच्याइतकी प्रेमळ मी नाही. तरीही त्या खिडकीपाशी मला परत उभं केलं तर मी सही करू देणार नाही. या दोन गोष्टी माझ्यात एकत्र राहतात. कशा, ते मला विचारू नका.

लेक आता माझ्याशी बोलते. प्रार्थनेलाही बसते. पण "बिल माझ्या नावावर का" हे तिनं परत घेतलेलं नाही आणि मी तिला घ्यायला लावणार नाही. प्रभूनं तर वधस्तंभ स्वतः उचलायला सांगितला. मी तिच्या खांद्यावर ठेवला की तिनं उचलला, हे तिलाच ठरवू दे.

धाकटा यंदा बारावीला आहे. त्याच्या टीसीवरही 'हिंदू मांग'च आहे. मालक म्हणतात, पोरगं अठरा वर्षांचं होतंय, त्याचा फॉर्म त्याला भरू दे, तू सेतूला जाऊ नकोस. मी अजून हो म्हटलेलं नाही.