अंगणातली वीस मिनिटे : खान्देशातील पक्षीनोंदीचे दुसरे वर्ष

मृग नक्षत्र लागायला आले आणि माझ्या पक्षीनोंदवहीचे दुसरे वर्ष पूर्ण होत आले. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब मी मुद्दामच ठेवत नाही, कारण आमच्याकडे पक्ष्यांचे वर्ष पहिल्या पावसाबरोबर उजाडते आणि मे महिन्याच्या उन्हात मावळते. हिवाळी पाहुण्यांचा मुक्काम मध्येच तोडला, तर त्यांच्या येण्याची तारीख एका वहीत आणि जाण्याची दुसऱ्या वहीत जाऊन पडते. म्हणून मृग ते मृग.

जळगावच्या कडेला आमचे घर आहे. मागच्या अंगणात एक जुना निंब, एक शेवगा, दोन पेरू आणि जास्वंदीची रांग आहे, आणि कुंपणापलीकडे अजून प्लॉट न पडलेले एक शेत आहे. सूर्योदयानंतर २० मिनिटे, एकाच खुर्चीवर, एकाच दिशेला तोंड करून बसायचे आणि जे दिसेल व ऐकू येईल ते संख्येसह लिहायचे, एवढाच नियम आहे. पहिल्या वर्षी मी फक्त नवे पक्षी टिपत होतो, त्यामुळे चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल यांची पाने कोरीच राहिली होती. यंदा मी रोजच्या पक्ष्यांनाही मोजले आणि जो नेहमीचा पक्षी दिसला नाही त्याच्यापुढे शून्य मांडले. सोबत्यांना मी सर्वांत आधी हीच गोष्ट सांगेन, कारण यंदाच्या वहीतून जे काही हाती लागले, ते बहुतेक या शून्यांमधून लागले. शून्य असल्याशिवाय ‘आला’ आणि ‘गेला’ या शब्दांना तारीख मिळत नाही.

चातकाचा आवाज यंदा ११ जूनला आला, पाऊस त्यानंतर पाच दिवसांनी आला. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने येणारा हा काळा-पांढरा, शेंडीवाला पक्षी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, हे पुस्तकातून ठाऊक असले तरी ते अंगणात पाहायला मिळेल असे वाटले नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस सातभाईंचा नेहमीचा कलकलाट करणारा थवा पेरूखाली पालापाचोळा उलटत असताना, खालच्या फांदीवर एक मळकट करडे पिल्लू पंख थरथरवत सारखे खायला मागत होते. त्याच्या पंखावर पांढरा डाग होता, डोक्यावर शेंडीची सुरुवात होती, आणि ते भरवणाऱ्यांपैकी कोणासारखेच दिसत नव्हते. नऊ मिनिटांत तीन वेगवेगळ्या सातभाईंनी त्याला सात वेळा भरवले. एकदा तर लांबलचक हिरवी अळी अर्धी बाहेर राहिली आणि भरवणाऱ्याने ती ओढून घेऊन, फांदीवर आपटून, पुन्हा नीट आत सारली. त्या दिवशी मी २० मिनिटांचा नियम मोडून पावणेदोन तास बसलो आणि वहीत तसे लिहूनही ठेवले.

जांभळ्या शिंजिराच्या बाबतीत माझी पहिल्या वर्षाची एक चूक यंदा दुरुस्त झाली. गेल्या वर्षी मी पावसाळ्यानंतरच्या पानांवर ‘पिवळसर, गळ्यावर काळी पट्टी, वेगळी जात?’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात विणीचा काळ संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला चकाकणारा जांभळा पेहराव उतरवतो, मादीसारखा पिवळट होतो आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टी तेवढी उरते. यंदा जास्वंदीवर येणाऱ्या नराला मी दर आठवड्याला पाहत गेलो, तेव्हा ही पट्टी हिवाळ्यात कडेने रुंदावत, ठिपक्याठिपक्यांनी पसरत जाऊन फेब्रुवारीत संपूर्ण पक्षी पुन्हा जांभळा झालेला दिसला. ज्यांच्या दारात जास्वंद किंवा शेवगा आहे, त्यांनी हा बदल फोटोंच्या क्रमाने अवश्य टिपावा.

आता थिरथिऱ्याविषयी. हा पक्षी माझ्या नोंदींचा कणा आहे. हिमालय, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच प्रदेशांत वीण करणारा कृष्ण थिरथिरा हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो, आणि त्याला जंगल लागत नाही. कपडे वाळत घालायची तार, विहिरीचा कठडा, गोठ्याचा पत्रा एवढे त्याला पुरते. नर वरून काळा आणि पोटाकडून वीटकरी, मादी मळक्या तपकिरी रंगाची, आणि दोघांचीही तांबूस शेपटी बसल्याजागी अशी थरथरते की नाव विचारावे लागत नाही. गेल्या वर्षी तो ४ ऑक्टोबरला दिसला होता, यंदा २९ सप्टेंबरला. मात्र गेल्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरच्या आधीच्या पानांवर शून्ये नाहीत, त्यामुळे ती त्याच्या येण्याची तारीख आहे की माझ्या लक्षात येण्याची, हे त्या वहीवरून ठरत नाही. यंदाच्या तारखेमागे ओळीने चौदा शून्ये आहेत. तो एप्रिलच्या ३ तारखेला शेवटचा दिसला आणि त्यानंतरही मी दहा दिवस शून्ये मांडली. तो रोज तारेच्या पश्चिम टोकावर, खांबापासून हातभर अंतरावर बसत असे, आणि घरातले सगळे ‘आपलाच तो परत आला’ असे म्हणत होते. पायात ओळखीचे कडे नसलेल्या पक्ष्याविषयी असे लिहू नये, म्हणून वहीत ‘थिरथिरा, नर, एक’ एवढेच आहे. मनातून मात्र मीही घरच्यांच्याच बाजूचा आहे.

नोव्हेंबरच्या ५ ते १२ या तारखांना महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो; मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा हा आठवडा आहे. त्या निमित्ताने आम्ही पाच-सहा जण जळगावातल्या मेहरूण तलावावर आणि लांडोरखोरीच्या वनोद्यानात सकाळी फिरलो. मेहरूणला टिबुकल्या, वारकरी, हळदीकुंकू बदके आणि धोबी यांची नेहमीची हजेरी होती. लांडोरखोरीत तित्तिर आणि चिरक भरपूर, आणि नवख्या मंडळींसाठी ती जागा मला तलावापेक्षाही उपयोगी वाटते, कारण तिथे पक्षी ओळखण्याआधी ऐकावे लागतात.

हतनूरच्या फेऱ्या मात्र मी मन लावून केल्या. तापी-पूर्णेच्या संगमाखाली, भुसावळ तालुक्यात, ४१ दरवाजांच्या या धरणाच्या फुगवट्यात वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ जागा आणि गवताळ बेटे तयार झाली आहेत, आणि पाणपक्ष्यांना नेमके तेच हवे असते. डिसेंबर ते फेब्रुवारी मी चार वेळा गेलो. डिसेंबरात जलाशय भरलेला असल्याने बदके दूर मध्यावर होती आणि काठाचे चिखलपक्षी जवळजवळ नव्हतेच. रब्बीसाठी पाणी सुटू लागले तसा काठ उघडा पडला आणि फेब्रुवारीत त्याच काठावर शेकाटे, तुतवार आणि चमचे मनसोक्त चरत होते. एकाच फेरीवरून ‘यंदा पक्षी कमी आले’ असे म्हणणाऱ्यांनी आधी पाण्याची पातळी लिहून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि भुवई बदक ही मंडळी चारही वेळा भेटली. जानेवारीतल्या फेरीत धुके वर सरकत असताना पट्टकादंब या रानहंसांचा थवा बेटावर उतरला. हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्यांच्या पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसल्या, तेव्हा आमच्यातले कोणीही बराच वेळ बोलले नाही. मोजणीसाठी मी आता आधी दहा पक्षी मोजतो, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरतो आणि मग तेवढेच गठ्ठे पुढे मोजत जातो. ही मोजणी तिघांनी वेगवेगळी करून मधला आकडा घेतला, म्हणजे फारसा घोटाळा होत नाही.

जानेवारीच्या अखेरीस अमळनेर तालुक्यात नातेवाइकांच्या शेतावर चार दिवस राहिलो. तिथे दादर ज्वारी हुरड्यावर आली होती आणि भोरड्यांचे थवे तिच्यावर तुटून पडत होते. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात. तिकडे त्यांची वीण टोळांच्या पैदाशीला धरून होते, म्हणून तिथले शेतकरी त्यांना मित्र मानतात. शेजारच्या शेतातले आबा मात्र सकाळपासून माळ्यावर गोफण घेऊन उभे होते. माझी दुर्बीण पाहून त्यांनी विचारले, “काय देखी ऱ्हायनात भाऊ? समदा दाना खाई गयात!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कणसाचा वरचा भाग दाणे टिपून रिकामा झालेला मी हातात घेऊन पाहिला, आणि पक्षीप्रेमी म्हणवणाऱ्यांनी हे नुकसान हसण्यावारी नेऊ नये असे मला मनापासून वाटते. संध्याकाळी तेच थवे नदीकाठच्या वेड्या बाभळींवर रातथाऱ्याला आले. आधी विखुरलेले काळे ठिपके, मग एक सैलसर ढग, मग तो ढग अचानक पिळला जाऊन दाट होतो आणि पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा डोक्यावरून जातो. आबाही गोफण खांद्यावर टाकून पाहत थांबले होते.

सातपुड्याच्या फेरीची नोंद मी थोडी सविस्तर देतो, कारण तीत माझ्याकडून चूक झाली आणि ती इतरांच्या उपयोगी पडेल. रानपिंगळा हे लहानसे दुर्मीळ घुबड खान्देशच्या पक्षीनिरीक्षकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. १८७३ मध्ये पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी वर्णन केलेला हा पक्षी १८८४ नंतर कोणाच्याच हाती लागला नाही आणि नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. मधल्या काळात ब्रिटिश पक्षीसंग्राहक मायनर्ट्‌झहागेन यांचा १९१४ सालचा, गुजरातेतला म्हणून नोंदलेला एक नमुना होता. तो खोटा ठरला. खान्देशात जेम्स डेव्हिडसन यांनी जमवलेला जुना नमुनाच संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावून तो पुढे केलेला होता. तो खोटेपणा उघड झाल्यावर शोध योग्य ठिकाणी वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात हा पक्षी ११३ वर्षांनी जिवंत दिसला. ज्या मातीतून खरे नमुने गेले होते, त्याच मातीत तो सापडला.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही रावेर तालुक्यातल्या पालच्या बाजूने यावल अभयारण्यात गेलो. सकाळी साडेआठला, पानगळ झालेल्या सागाच्या उघड्या फांदीवर एक पिंगळा उन्हात बसलेला होता. दिवसाउजेडी, सागावर, सातपुड्यात. एवढ्यावरून मी ‘रानपिंगळा’ असे लिहून टाकले आणि संध्याकाळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदही केली. दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या एका अनुभवी निरीक्षकाने अत्यंत सौजन्याने फोटो मोठा करून पाहण्यास सांगितले. डोक्यावर पांढरे ठिपके स्वच्छ दिसत होते आणि मानेमागे फिकट पट्टीही होती. तो साधा पिंगळा होता. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात. त्याची छाती सलग गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढरा, पंख व शेपटीवर रुंद ठळक पट्टे आणि पाय पिसांनी भरलेले व दणकट असतात. साधा पिंगळाही हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला बसतो, हे तर मी आमच्याच निंबावर पाहिलेले होते. तरीही ठिकाणाच्या मोहाने डोळ्यांवर मात केली. नोंद दुरुस्त केली. त्यानंतर वहीत ‘कशावरून ओळखला’ असा एक नवा रकाना घातला आहे, आणि त्यात ठिकाण हे कारण म्हणून लिहायचे नाही असे ठरवले आहे. रानपिंगळ्यासाठी जे जातील त्यांनी मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नये आणि ढोलीचे झाड कोणालाही सांगू नये, हेही इथेच लिहितो.

उन्हाळा अंगणातच गेला. पारा ४५ अंशांच्या वर चढू लागला तशी दोन मातीची परळे भरून ठेवली, पाणी दोन बोटे खोल आणि मधोमध एक खडबडीत दगड. पहिले परळ जमिनीवर होते. तिथे एका मांजराने बुलबुल धरला आणि त्याची पिसे दिवसभर अंगणात उडत राहिली. दुसऱ्याच दिवशी दोन्ही परळे छातीइतक्या उंचीवर टांगली, झुडपांपासून दूर, पण सावली मिळेल अशी. दुपारी दोन ते चार या वेळेत तिथे येणारे पक्षी सकाळपेक्षा जास्त भरले, म्हणून एप्रिल-मेपुरती मी दुपारचीही २० मिनिटे जोडली.

शेवग्याची एक वाळलेली फांदी मी जानेवारीत तोडायला निघालो होतो, पण आईने ‘राहू दे’ म्हटले म्हणून ती राहिली. मार्चमध्ये तांबटाच्या जोडीने त्याच मऊ लाकडात, फांदीच्या खालच्या अंगाने, रुपयापेक्षा थोडे मोठे गोल भोक कोरले. दोघेही आळीपाळीने कोरत; आत गेलेला पक्षी चोचभर भुसा घेऊन मागे सरके आणि मान झटकून तो खाली उडवी, त्यामुळे माझ्या खुर्चीशेजारी लाकडाच्या चुऱ्याचा छोटा ढीग साठला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या भोकातून एक फिकट, अजून लाल टिळा न आलेले डोके बाहेर डोकावू लागले. १४ मेपर्यंत ते रोज दिसले. १५ मेपासून त्या रकान्यात शून्ये आहेत, आणि तांबटाचा ठोका आता शेतापलीकडच्या वडावरून ऐकू येतो.

अंगणातल्या जाती गेल्या वर्षी ३१ होत्या, यंदा ३८ झाल्या. चातकाचे पान मी १ जूनपासून उघडून ठेवले आहे. आज सकाळपर्यंत त्यावर सहा शून्ये झाली आहेत.