टेबलावरचं पाणी

२०२४ साली आमच्याकडे दिवाळी नव्हती. आई श्रावणात गेली. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून आकाशकंदील माळ्यावरून खाली आलाच नाही. लेक आयर्लंडमध्ये गॉलवेला शिकते. तिच्याकडे जायचा व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता. ती फोनवर म्हणाली, "आई, सगळ्यांच्या दारात पणत्या आणि आपलं अंगण अंधारात, असं बघत बसू नकोस. इकडे ये." भाऊही म्हणाला, जा. मी गेले.

डब्लिनचे दोन दिवस मला सांगण्यासारखे वाटत नाहीत. हॅलोवीनसाठी दुकानांच्या काचांत प्लास्टिकचे सांगाडे टांगले होते, रस्त्यावर पोरं तोंडाला लाल रंग फासून हसत होती. तीन महिन्यांपूर्वी ज्या बाईने आईला स्मशानात नेताना पाहिलंय, तिला ते सांगाडे बघवत नाहीत. समुद्राकाठच्या मोहेरच्या कड्यांवर वारा आणि गर्दी दोन्ही भयंकर. मग लेक म्हणाली, "आपण रॉसकॉमनला जाऊ. हॅलोवीन जिथून आला म्हणतात, तिथे." तिची पुरातत्त्व शिकणारी एक आयरिश मैत्रीण आहे. तिचीच गाडी, तीच चालवणार. ३१ ऑक्टोबरला सकाळी निघालो. आपल्याकडे त्या दिवशी नरक चतुर्दशी होती. सातारला घरोघरी अभ्यंगस्नानं उरकली असतील, असं सारखं मनात येत होतं.

हॅलोवीनच्या मुळाशी जो जुना सण आहे त्याचं आयरिश नाव 'साऊइन'. आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचं नावही हेच. उन्हाळा संपला, डोंगरावर चरायला नेलेली गुरं खाली आणायची, आणि हिवाळाभर चारा पुरणार नाही एवढी जनावरं असतील तर कोणती ठेवायची आणि कोणती कापायची हे ठरवायचं, असा तो काळ. मैत्रीण म्हणाली की जुनं वर्ष इथे संपतं आणि नवं वर्ष अंधारातून सुरू होतं, असं मानतात. ज्युलियस सीझरने गॉल, म्हणजे आताच्या फ्रान्समधल्या जुन्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की ते काळ दिवसांनी मोजत नाहीत, रात्रींनी मोजतात. त्यांच्या नात्यातली ही आयरिश मंडळी, तेव्हा सण आदल्या संध्याकाळीच लागतो. त्या रात्री हे जग आणि ते जग यांच्यातलं दार उघडं राहतं, असा समज.

ते दार कुठे आहे, हेही तिथल्या लोकांना नक्की माहीत आहे. टल्स्क नावाच्या छोट्या गावाजवळ राथक्रोहन म्हणून जागा आहे. कॉनॉख्ट प्रांताच्या राजांचं जुनं ठिकाण, दंतकथांमधल्या राणी मेव्हची राजधानी. राजधानी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तट-बुरूज येतात. इथे नुसती हिरवी कुरणं, त्यात चरणाऱ्या गाई आणि मधूनच गवताने झाकलेले उंचवटे. साडेसहा चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात २४० हून अधिक पुरातन जागा आहेत म्हणे. पण सांगितल्याशिवाय एकही दिसत नाही. मधल्या मोठ्या टेकाडावर चढलो तेव्हा वारा कानात शिरत होता. काळे-करडे कावळे गवतात फिरत होते. मी त्यांच्याकडे नको तितका वेळ बघत राहिले. त्याचं कारण पुढे सांगते.

त्या टेकाडावर उभं राहून वाटाड्याने नेराची गोष्ट सांगितली. साऊइनची रात्र. राजवाड्यात मोठ्या कढईत मांस शिजतंय. आदल्या दिवशी दोन कैद्यांना फाशी दिलेली, त्यांची प्रेतं बाहेर टांगलेली आहेत. राजा म्हणतो, जो कोणी जाऊन प्रेताच्या पायात वेताची कडी अडकवून येईल त्याला सोन्याच्या मुठीची तलवार देईन. एकेक जण अंधारात जातो आणि घाबरून परत येतो. नेरा जातो. कडी बसता बसत नाही, तेव्हा प्रेतच त्याला ती कशी बसवायची ते सांगतं. मग म्हणतं, "मला पाठीवर घे आणि कुठेतरी पाणी पाज. मला फाशी दिलं तेव्हा फार तहान लागली होती."

लेकीने माझ्या कानात म्हटलं, "अगं, हा तर विक्रम-वेताळ!" मला तेही सुचलं नाही. मी तहान या शब्दापाशीच थांबले होते.

आई शेवटचे सहा दिवस अतिदक्षता विभागात होती. गिळताना पाणी फुफ्फुसात जातंय, म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही, अशी ताकीद होती. डॉक्टरांचं बरोबरच होतं. मी कापसाचा बोळा ओला करून तिचे ओठ पुसायची. चौथ्या दिवशी तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "घोटभर दे गं." मी दिलं नाही. म्हटलं, उद्या देते, उद्या नळी काढणार आहेत. दोन दिवसांनी पहाटे ती गेली. आम्ही गंगाजल आणि तुळशीपत्र तोंडात घातलं ते ती गेल्यावर. दहाव्याला माहुलीच्या संगमावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दीड तास. माणसं आळीपाळीने पुढे येऊन सांगत होती, नातीचं लग्न नीट करू, घर विकणार नाही, भांडणार नाही. तिची इच्छा काय राहिली होती ते मला एकटीला ठाऊक होतं आणि चारचौघांत ते माझ्या तोंडून निघालं नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला. तर्पण भावाने केलं, तीळ आणि पाणी त्याच्या ओंजळीतून गेलं. मी घाटाच्या पायरीवर उभी होते. मुलीने तर्पण करायचं नसतं असं मला कोणी तोंडावर सांगितलं नाही, पण कोणी पुढेही बोलावलं नाही.

तर नेरा त्या प्रेताला पाठीवर घेऊन तीन घरं फिरतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं असतं, दुसऱ्याभोवती पाणीच पाणी. तिसऱ्या घरात मात्र धुण्या-अंघोळीचं वापरलेलं पाणी रात्री तसंच ठेवलेलं असतं. ते प्रेत पितं. शेवटचा घोट घरातल्या माणसांवर थुंकतं आणि ती सगळी मरतात. नेरा परत येतो तर राजवाडा जळताना दिसतो, आणि त्या हल्लेखोर सैन्याच्या मागोमाग तो एका गुहेत शिरतो. तिथल्या जगात राहतो, बायको करतो. ती सांगते, तू पाहिलेलं अजून घडलेलं नाही, पुढच्या साऊइनला घडेल, जाऊन आपल्या लोकांना सावध कर. पुरावा म्हणून तो उन्हाळ्यातली फुलं घेऊन वर येतो, तर मंडळी अजून त्याच कढईभोवती बसलेली असतात. इतके दिवस तिथे काढले आणि इथे मांसही शिजून झालं नव्हतं.

ती गुहा खरी आहे. ओवेनागॅट, म्हणजे मांजरांची गुहा. एका शेताच्या कडेला, बोळातून आत गेल्यावर, हॉथॉर्नच्या काटेरी झाडाखाली जमिनीत एक भोक. मला वाटलं होतं काही भव्य असेल. आपल्याकडे कुत्र्याने विण्यासाठी उकरलेली जागा असते, तेवढं ते तोंड. मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखकाने याला आयर्लंडचं नरकाचं दार म्हटलं होतं. मॉरिगन ही युद्धाची आणि मृत्यूची देवता साऊइनला इथूनच बाहेर पडते. ती कावळ्याचं रूप घेते. हे ऐकल्यावर मी वाटाड्याला काही विचारलं नाही.

कोणी जाणार असाल तर जुने कपडे घाला आणि गुडघे धड असतील तरच उतरा. माझे धड नाहीत. मी बाहेरच थांबणार होते, पण लेक आत गेली आणि तिच्या बुटांचे तळवे अंधारात दिसेनासे झाले, तेव्हा मला बाहेर उभं राहवेना. हात आणि गुडघे टेकून रांगत शिरले. तोंडाजवळच्या आडव्या दगडावर ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा कोरलेल्या आहेत, 'मेडवचा मुलगा फ्राइख' अशा अर्थाच्या. टॉर्च धरली तर त्या नखाने ओढल्यासारख्या दिसतात. पुढे माणसांनी रचलेलं दगडी भुयार संपतं आणि चुनखडीची नैसर्गिक भेग सुरू होते. उतार निसरडा. चिखल गार, चिकट, बोटांच्या मधून वर येणारा. मग एकदम छप्पर उंच होतं आणि उभं राहता येतं. सगळी मिळून लांबी ३७ मीटरच्या आसपास, पण मला ती घाटापेक्षा लांब वाटली.

आम्ही नऊ जण होतो. त्यात एक जोडपं स्वतःला पेगन म्हणवणारं, म्हणजे जुने आयरिश देव आणि ऋतू मानणारं. ती बाई माझ्याच वयाची असेल. बाहेर रांगेत असताना मी तिला विचारलं होतं, तुम्ही आत जाऊन काय करता? ती म्हणाली, "मागत काही नाही. वर्षभरात घरात काय काय झालं ते माझ्या माणसांना सांगते. त्यांना कोण सांगणार दुसरं?"

वाटाड्याने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले.

असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापणीला हात लावून बघावं लागलं. छपरातून कुठेतरी थेंब पडत होता. थोडा वेळ काहीच नाही, मग टप्. मला आईला बातम्या सांगायच्या होत्या. तुझी नात पहिली आली गं. तुझं ते लोखंडी कपाट मी माझ्याकडे आणलं. पण ओठ सुटेनात, तोंडाला कोरड पडली होती. तो थेंब पडत राहिला आणि मी नुसती ऐकत राहिले. लेकीने अंधारात चाचपून माझा हात धरला. तिचाही चिखलाने भरलेला होता. वाटाडा दिवे लावा म्हणाला तेव्हा पेगन बाईचा चेहरा ओला होता. ती लपवत नव्हती.

बाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते, सूर्य मावळला होता. गाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या.

राहायची सोय जवळच्या गावात एका घरातच होती. घरमालकीण ऐंशीच्या घरातली, एकटी. आमचे कपडे बघून तिने आधी बाथरूमचं गरम पाणी सुरू केलं, मग प्रश्न विचारले. आदरातिथ्याबद्दल लोक मोठमोठ्या हॉटेलांचं लिहितात, मला मात्र आपणहून टॉवेल शेगडीजवळ गरम करून देणारी ही बाई आठवत राहील. चहाबरोबर तिने बार्मब्रॅक कापला. हा मनुका घातलेला गोडसर पाव, हॅलोवीनचा खास. त्यात अंगठी लपवलेली असते, जिला मिळेल तिचं वर्षात लग्न. आमच्या तिघींच्या तुकड्यांत काही निघालं नाही. तिने स्वतःच्या तुकड्याला लोणी जरा जास्तच लावलं आणि म्हणाली, नवऱ्याला असंच आवडायचं.

झोपायला जाण्याआधी तिने स्वयंपाकघराची फरशी झाडली. शेगडीतला विस्तव विझवला नाही, राखेखाली सारून ठेवला. काचेचा एक ग्लास पुसून पुसून लख्ख केला, भरला आणि टेबलावर ठेवला. मागच्या दाराची कडी काढून ठेवली. मी दारातच उभी होते. ती म्हणाली, "माझी आई हे ऑल सोल्सच्या, म्हणजे मेलेल्यांच्या आठवणीच्या रात्री करायची. मी दोन्ही रात्री करते. लांबून येतात, तहान लागलेली असते."

मी खोलीत गेले. अंथरुणात विजेचं पांघरूण होतं, ऊब छान होती, पण झोप नाही. बारा वाजून गेल्यावर खाली उतरले. कपाटातून दुसरा ग्लास घेतला. नळ हळू सोडला, आवाज होऊ नये म्हणून. काठोकाठ भरला आणि तिच्या ग्लासाशेजारी ठेवला. दक्षिण कुठे ते मला कळेना, तेव्हा दाराकडे तोंड करून बसले. आणि मग सांगितलं. नातीचा पहिला नंबर, कपाट, भावाचा खोकला, तुझी पैठणी मी कोणालाही दिली नाही. डॉक्टर नको म्हणाले होते गं, म्हणून दिलं नाही. घे आता. किती वेळ बसले होते ते आठवत नाही. पाय गारठले तेव्हा उठले.

सकाळी उतरले तर आजी खिडकीशी दोन्ही ग्लास हातात घेऊन उभी होती. मी काही बोलायच्या आत ती मागच्या अंगणात गेली. आधी एक ग्लास कुंपणाच्या मुळाशी ओतला, मग जरा पुढे सरकून दुसरा. आत येऊन हात पुसले आणि ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. नोव्हेंबरमध्ये चर्चला घरातल्या मेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची असतात, ती यादी महिनाभर वेदीवर ठेवतात. यादीत आई, वडील, नवरा, दोन भाऊ आणि तान्हेपणीच गेलेलं एक मूल होतं. खाली दोन ओळी कोऱ्या होत्या.

तिने पेन उघडलं आणि विचारलं, "नाव काय?"

आईचं नाव फुलाचं आहे. मी सांगितलं. तिला जमेना, तेव्हा एकेक अक्षर सांगितलं. तिने ते मोठ्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं, मग चष्मा वर करून दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळेला अगदी बरोबर म्हणाली.