शब्द तेच, अर्थ निराळा

जुनी कागदपत्रे आवरताना वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेली एक वही हाती लागली. जोडीदार कसा असावा याची यादी तीत होती: हुशार, समजूतदार, मोकळ्या स्वभावाचा आणि चारचौघांत उठून दिसणारा. आता पंचेचाळिशीत तीच यादी नव्याने केली, तर शेवटची अट तेवढी गळाली आणि बाकीचे शब्द तसेच राहिले, पण त्यांचा अर्थ मात्र पार बदलून गेला आहे.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ संस्कृतींमधील १०,००० हून अधिक लोकांना जोडीदाराविषयी विचारले होते. स्त्रिया काय आणि पुरुष काय, दोघांनीही प्रेमळ, समजूतदार स्वभावाला आणि बुद्धिमत्तेला रूप व कमाई यांच्या वरचे स्थान दिले. पण समजूतदार म्हणजे नेमके कसे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

तेविसाव्या वर्षी माझ्या लेखी समजूतदार म्हणजे न सांगता मनातले ओळखणारा. पुढे माझी आई आजारी पडली, तेव्हा नवरा रात्री तिच्या उशाशी बसून औषधांच्या वेळा एका कागदावर टिपून ठेवत असे. जागरणाने मी उगाचच चिडले, तरी "तू पड जरा, दोनची गोळी मी देतो," एवढेच तो म्हणे. मनातले त्याला तेव्हाही ओळखता येत नव्हते, आजही विचारावेच लागते. पण समजूतदार हा शब्द कुठेही वाचला की मला तो कागद आठवतो.

मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धांतानुसार, आपल्या हाती उरलेला काळ मर्यादित आहे असे जाणवू लागले की माणूस नावीन्यापेक्षा मनाला अर्थपूर्ण वाटणाऱ्या नात्यांकडे अधिक वळतो. माझ्यापुरते ते खरे आहे, मात्र केवळ वय वाढल्याने हे घडते असे मला वाटत नाही. जबाबदारीचा प्रसंग लवकर आलेल्या माणसांची निवड तरुणपणीच बदललेली मी पाहिली आहे.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १८ ते ६८ वर्षे वयोगटातील १९,००० हून अधिक लोक सहभागी झाले होते. मागील दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे ते मान्य करत, पण पुढील दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असेच बहुतेकांना वाटे. म्हणून नव्या यादीखाली मी तारीख घातली आणि ती त्याच वहीत ठेवून दिली.