आमची वाटचाल : ज्वारी-गुळाचा ग्रॅनोला

आमच्या उद्योगाचं मूळ मुलांच्या सकाळच्या घाईत आहे. शाळेची रिक्षा दारात उभी, डबा भरलेला, पण मुलं नुसतं दूध पिऊन पळायची. विकतची मुसली महाग आणि फार गोड. म्हणून मी आणि जाऊबाईंनी घरच्या ओव्हनमध्ये ग्रॅनोला, म्हणजे गोड पाकात कालवून भाजलेलं धान्य-दाण्यांचं कुरकुरीत मिश्रण, करायला घेतला. आधी मुलांनी खाल्ला, मग त्यांच्या मित्रांच्या आया विचारू लागल्या.

आम्ही राहतो सांगलीत. ओट्स इथे पिकत नाहीत, पण बाकी सगळं हाताशी आहे: मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, कोल्हापुरी गूळ, तासगावचे बेदाणे, शेंगदाणे, तीळ, जवस. तेव्हाच ठरवलं की ज्वारीचे पोहे जास्त घ्यायचे आणि ओट्स थोडे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्यानंतर दुकानदारांना ज्वारीचे पोहे म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

खरं कसब पाकाचं. ते आम्हाला सासूबाईंनी शिकवलं, कारण संक्रांतीची चिक्की त्यांच्या हातची. चिक्कीला गोळीबंद पाक लागतो, ग्रॅनोलाला तो चालत नाही; दाताला चिकटतो. गूळ थोड्या पाण्यात विरघळला, वर फेस धरू लागला की गॅस बंद करायचा. त्यात तेल आणि चिमूटभर मीठ घालून कोरडा जिन्नस कालवायचा, ट्रेमध्ये पातळ पसरायचा आणि १५० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजायचा. कडेचा भाग आधी करपतो, म्हणून मध्ये दोनदा हलवायचं. ट्रे बाहेर काढला की पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गार होतानाच त्याचे कुरकुरीत गठ्ठे बनतात. बेदाणे सगळ्यात शेवटी, नाहीतर भाजून खड्यासारखे होतात.

घरी करायचा असेल तर आमचं प्रमाण असं: ३ वाट्या ज्वारीचे पोहे, १ वाटी ओट्स, १ वाटी शेंगदाणे आणि बिया मिळून, पाऊण वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी तेल. हे आम्ही कुणालाही सांगतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतला तरी छान होतो.

सुरुवातीलाच एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी केली. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी ती सोपी होती. पुढे मोठा ओव्हन घेताना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचा आधार मिळाला. त्यात तेव्हा प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांनी कृषी कार्यालयात जाऊन ही योजना सध्या चालू आहे का, याची चौकशी जरूर करावी.

पावसाळा मात्र परीक्षा बघतो. गूळ हवेतला ओलावा साखरेपेक्षा लवकर ओढतो आणि माल सादळतो. जवस आणि शेंगदाण्यांमुळे फार दिवस ठेवला तर खवट वासही येतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही २०० ग्रॅमचीच पाकिटं भरतो, तीही गार झाल्या झाल्या, आणि मागणी असेल तेवढाच घाणा घालतो. सहा महिने टिकणारा माल द्या, असं वितरक म्हणतात. आम्हाला तो करायचा नाही. घरचा म्हणून विकायचा तर ताजाच हवा.

आणखी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. पाकिटावर ‘साखरविरहित’ लिहीत नाही. गूळ ही साखरच आहे, आणि मधुमेह असलेल्या ग्राहकांना आम्ही ते फोनवर स्पष्ट सांगतो, भले विक्री बुडो.

सकाळी दह्याबरोबर मूठभर पुरतो. दुधात घालायचा तर दूध गार किंवा कोमट असावं, उकळत्या दुधात गुळामुळे ते फाटू शकतं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलं तो नुसताच खातात, आणि बिस्किटांपेक्षा पोटभरीचा म्हणून आयांनाही बरं वाटतं.

यंदा श्रावणापासून राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाणे, गूळ आणि तूप घालून उपवासाचा ग्रॅनोलाही करतो आहोत. त्याचे ट्रे, डबे, झारे सगळं वेगळं ठेवलंय, आणि त्या दिवशी ज्वारी-ओट्सचं काम बंद असतं.